आदिवासी गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर: कपाट म्हणून बेताचं, छापखाना म्हणून मोलाचं

महाराष्ट्रातल्या आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत आदिवासी लोककथा वाचायला द्यायच्या म्हटलं, की बिनपैशाचं आणि मोबाइलवर चालणारं साधन म्हणून स्टोरीवीव्हरचं नाव पुढे येतं. बंगळुरूच्या 'प्रथम बुक्स' या ना-नफा प्रकाशनसंस्थेने ते ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनाला सुरू केलं. आज तिथे तीनशेहून जास्त भाषांतली चित्रपुस्तकं वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापता येतात. अनुवाद करता येतो आणि स्वतःचं नवं पुस्तकही बनवता येतं. हे परीक्षण मात्र त्याच्या एकाच उपयोगाबद्दल आहे. वारली, कोरकू, गोंड, पावरा किंवा कोलाम मुलांच्या वर्गात त्यांच्याच समाजाच्या गोष्टी आणायच्या असतील, तर हे संकेतस्थळ कितपत कामाला येतं?

थोडक्यात निकाल असा: तयार गोष्टी निवडण्याचं कपाट म्हणून ते बेताचं आहे. गावातली गोष्ट गावाच्या संमतीने पुस्तकात उतरवण्याचा छापखाना म्हणून मात्र इतकं सोपं मोफत साधन मराठी शिक्षकाला दुसरीकडे सापडणं कठीण.

शोधापासून सुरुवात करू. भाषेची चाळणी 'मराठी' लावावी, वाचनपातळी निवडावी आणि विषयांत लोककथांचा गट घ्यावा. पातळ्या चार आहेत. पहिलीत अडीचशेपेक्षा कमी शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारपर्यंत आणि चौथीत त्याहून जास्त. या पातळ्या मराठी घरभाषा असलेल्या मुलाला धरून वापरल्या तर फसगत होते. मेळघाटातलं दुसरीचं मूल घरी कोरकू बोलतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचा मराठीशी नात्याचा संबंध नाही. त्या मुलाला मराठी पुस्तक वाचून दाखवायचं असेल तर इयत्तेपेक्षा एक पातळी खालचं घ्यावं. गोंडी आणि कोलामी या द्राविडी भाषा, तिथेही तेच. वारली, कातकरी, ठाकरी या मराठीला जवळच्या, म्हणून तिथे इयत्तेप्रमाणे पातळी चालून जाते.

'आदिवासी' असा शब्द टाकून शोधलं तर हाती फारसं लागत नाही, आणि जे लागतं त्यात 'एका जंगलात एक आदिवासी राहत होता' या चालीचं बरंच असतं. समाजाचं नाव टाकून शोधावं आणि लेखनाचे पर्यायही टाकून पाहावेत: कोरकू आणि कोर्कू, गोंड आणि कोइतूर, पावरा आणि बारेला. पुस्तक सापडलं की गोष्टीआधी शेवटचं पान वाचावं. तिथे लेखक, अनुवादक, चित्रकार आणि परवाना यांची नोंद असते, आणि पुस्तक अनुवाद असेल तर मूळ पुस्तक कोणतं तेही कळतं. खातं उघडलेल्या कुणालाही इथे पुस्तक प्रसिद्ध करता येतं. त्यामुळे संपादकांच्या हाताखालून गेलेलं पुस्तक आणि कुणी एका बैठकीत लिहून टाकलेलं पुस्तक एकाच यादीत शेजारी दिसतात. प्रकाशकाचं नाव पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कपाट म्हणून उणीव आहे ती याच ठिकाणी. गोष्ट कुणी लिहिली हे कळतं, पण कुणी सांगितली, कोणत्या गावात, कोणत्या भाषेत, कोणत्या प्रसंगी, हे कळायला ठरलेली जागा नाही. कुणी आठवणीने टिपेत लिहिलं तरच ते मिळतं. लोककथेच्या बाबतीत तर निवडीचा निम्मा निर्णय याच माहितीवर होतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तिथल्या मूलनिवासींच्या शिक्षण समितीने शाळांसाठी साहित्य निवडायचे जे निकष केले आहेत, त्यात पहिली अट हीच आहे: मजकूर त्या समाजातल्या माणसांनी केलेला असावा किंवा त्यात त्यांचा भरीव वाटा असावा. आपल्याकडे पुस्तक निवडताना हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

दुसरी गल्लत भाषेची. मध्य भारतात मोबाइलवरून लोकांच्या आवाजातल्या बातम्या देणाऱ्या सीजीनेट स्वरासोबतच्या कामातून इथे गोंडीत पुस्तकं आली आणि ते काम मोठं आहे. घरची भाषा छापलेली पाहणं मुलांसाठी महत्त्वाचं असतं. पण गोंडीत अनुवादलेली बंगळुरूच्या मुलीची गोष्ट ही गोंडांची गोष्ट नव्हे. दोन्ही हव्यात, पण वेगळ्या कामासाठी. अनुवादित पुस्तकं वाचनाच्या सरावाला घ्यावीत. समाजाची कथा शिकवायची तेव्हा ती पुरत नाहीत. शिवाय गोंडी सगळीकडे सारखी नाही. बस्तरची गोंडी चंद्रपूरच्या मुलांना पुरती कळेल असं नाही, आणि भामरागडची माडिया तर आणखी वेगळी. छापण्याआधी गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना पूर्ण पुस्तक वाचून दाखवावं आणि ते जिथे अडतात ते शब्द पेन्सिलीने खुणावून घ्यावेत. पानामागे तीन-चार शब्द अडत असतील तर ते पुस्तक त्या गावासाठी नाही.

आता खुद्द गोष्ट तपासायची कशी? पहिली खूण म्हणजे नाव. चांगल्या पुस्तकात माणसाला नाव असतं, समाजाला नाव असतं आणि डोंगराला किंवा नदीला नाव असतं. दुसरी खूण शेवट. खूपशा आदिवासी कथांना तात्पर्य नसतं. शेवटी 'म्हणून मुलांनो, लोभ करू नये' असं चिकटवलेलं दिसलं की लिहिणाऱ्याने गोष्टीला शिस्त लावली आहे असं समजावं. अशा वेळी मधला मजकूरही बदललेला असण्याची शक्यता मोठी. तिसरी खूण देवांची. वाघ्यादेव, हिरवा, हिमाई या वारली देवांना 'भूत' किंवा 'अंधश्रद्धा' म्हणणारं पुस्तक ताबडतोब बाजूला ठेवावं. पालघरच्या मुलाच्या घरी वाघबारस पाळली जाते, त्याच्या देवाला वर्गात भूत म्हणण्याचा अधिकार कुठल्याच पुस्तकाला नाही. चौथी खूण काळाची. सगळं वाक्यागणिक 'पूर्वी' असेल आणि आजचा माणूस, मोबाइल, बाजार, शाळा कुठेच नसेल, तर आदिवासी म्हणजे संपून गेलेले लोक असा समज मुलांच्या मनात राहतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे एक कोटी पाच लाख लोक होते, लोकसंख्येच्या ९.३५ टक्के. ती आजची माणसं आहेत.

चित्रं स्वतंत्रपणे तपासावी लागतात, आणि इथे सगळ्यात जास्त चुका आढळतात. पानांचे कपडे, डोक्यात पिसं, हातात भाला: स्नेहसंमेलनात 'आदिवासी नृत्य' म्हणून जे दाखवलं जातं तेच कागदावर. तसं पुस्तक गोष्ट कितीही चांगली असली तरी घेऊ नये, कारण लहान मूल चित्र आधी वाचतं. वारली शैलीच्या चित्रांबाबत आणखी एक काळजी. त्रिकोणांची माणसं काढणं कुणालाही जमतं, म्हणून वारली नसलेल्या चित्रकारांनी सजावटीसाठी ती सर्रास वापरलेली दिसतात. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यातला लग्नचौक सुवासिनी लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात आणि त्यात पालघट देवी असते. तो चौक पानाची किनार म्हणून छापलेला दिसला तर चित्रकाराला विषय माहीत नाही, हे समजायला तेवढं पुरे.

कोणती गोष्ट कोणत्या वर्गाला, याचे तीन नमुने घेतले की निवडीची पद्धत स्पष्ट होईल.

कणसरी ही वारली आणि शेजारच्या डोंगरी समाजांची धान्याची देवी. तिची कथा भगत, म्हणजे पूजा सांगणारे जाणते, घांगळी या तंतुवाद्यावर गातात. तिसरी-चौथीच्या वर्गाला ती उत्तम, कारण भाताची पेरणी, लावणी आणि कापणी मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. वेळ निवडावी ती कापणीनंतरची. जूनमध्ये पाठ्यक्रमाच्या सोयीने उरकली तर निम्मा अर्थ जातो. गाण्याची गोष्ट गद्यात आणताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी 'कंटाळवाण्या' म्हणून कापल्या जातात. त्या राहू द्याव्यात. पहिल्या वाचनपातळीला पुनरावृत्तीच तर हवी असते, आणि मुलं त्या ओळींवर आपोआप साथ धरतात.

कोरकूंच्या पहिल्या माणसांची, मुला आणि मुलई यांची कथा पाचवी-सहावीसाठी. रावणाने सातपुड्याचे डोंगर ओसाड पाहून तिथे माणसं वसवायला महादेवाला सांगितलं. कावळ्याने तांबडी माती शोधून आणली आणि महादेवाने तिच्या दोन मूर्ती घडवल्या. इंद्राच्या घोड्यांनी त्या तुडवल्या. मग महादेवाने आधी राखणीला कुत्रा केला आणि त्यानंतर पुन्हा माणसं घडवली. ही कथा रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या इंग्रजी ग्रंथात नोंदलेली आहे, आणि बऱ्याच नव्या आवृत्त्या तिथूनच उचललेल्या असतात. अडचण येते ती रावणाची. बाहेरून आलेल्या शिक्षकाला रावण माणसं वसवणारा दाखवणं जड जातं, म्हणून त्याचं नाव गाळून 'एक राजा' केलं जातं. तसं करू नये. मेघनादाचा खांब पुजणाऱ्या समाजाच्या मुलांना रामायणातला रावण आणि त्यांच्या कथेतला रावण या दोन वेगवेगळ्या परंपरा आहेत, हे बाराव्या वर्षी सहज समजतं. गाळलेली आवृत्ती ओळखायला कथेत रावण आहे की नाही एवढंच पाहावं.

तिसरा नमुना गोंडांचा आद्य धर्मगुरू पारी कुपार लिंगो याचा. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. तिथे माघ पौर्णिमेला गोंड समाज मोठ्या संख्येने जमतो. गुहेत कोंडलेल्या मुलांना लिंगो, जंगो रायताड आणि संगीतकार हिरासुका यांनी सोडवलं, आणि तिथून कोण किती देव पुजतो त्याप्रमाणे समाजाची कुळांत घडण झाली, अशी ही कथा. तिचा एक पाठ नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधान गायकाकडून उतरवून घेतला आणि त्यांच्या मृत्यूनंतर तो १८६६ मध्ये छापला गेला. त्यात गोंडांना गुहेत कोंडणारा महादेव आहे. आज कचारगडला सांगितली जाणारी कथा, डॉ. मोतीरावण कंगाली यांच्या लेखनातून पुढे आलेली, पुष्कळ वेगळी आहे. ही लोककथांच्या तासाला घ्यायची गोष्टच नव्हे. तो चालता-बोलता धर्म आहे. पंचतंत्राच्या शेजारी तिला बसवलं की गोंड मुलाला आपला धर्म ससा-कासवाच्या रांगेत दिसतो. आठवीच्या पुढे, सामाजिक शास्त्रांच्या तासाला, गावातल्या गोंड जाणत्याला बोलावून, दोन्ही पाठ समोर ठेवून ती शिकवावी. तिचं चित्रपुस्तक बनवून स्टोरीवीव्हरवर टाकायला तर मुळीच जाऊ नये. का, ते आता येतं.

स्टोरीवीव्हरवरची पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'बाय ४.०' परवान्याखाली प्रसिद्ध होतात. अर्थ असा की श्रेय दिलं की जगातला कुणीही ते पुस्तक छापू शकतो, बदलू शकतो, विकूही शकतो, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. वाचकाला हे वरदान आहे. शाळेने शंभर प्रती काढल्या तरी परवानगी मागायला नको. पण गावाची गोष्ट वर चढवणाऱ्या शिक्षकाने हे नीट समजून घ्यायला हवं. गोष्ट त्याची नाही, तो फक्त कारकून आहे. वारली लग्न लावणाऱ्या धवलेरीने लग्नातच म्हणायचं गाणं, भगताने ठरावीक पूजेत सांगायची कथा, कुळाच्या देवाची हकिकत, या गोष्टींचा परवाना द्यायचा हक्क शिक्षकाला कुणी दिलेला नाही. म्हणून आधी विचारणं, आणि विचारताना 'पुस्तक करू का?' एवढंच न विचारता 'कुणीही ही बदलू आणि विकू शकेल, आणि नंतर आपल्याला थांबवता येणार नाही, चालेल का?' हे त्यांच्या भाषेत विचारणं. सांगणाऱ्याने हो म्हटलं तरी विषय ग्रामसभेत किंवा पाड्याच्या बैठकीत ठेवावा. नकार आला तर हातानं लिहिलेलं मोठं पुस्तक करून ते शाळेतच ठेवावं. तेही वर्गाला तितकंच उपयोगी पडतं.

संमती मिळाली की पुढचं काम या संकेतस्थळावर खरोखर सोपं आहे. गोष्ट मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी, पंखा बंद, घराच्या आत, मोबाइल सांगणाऱ्यापासून हातभर अंतरावर. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख आणि भाषा बोलून घ्यावी, म्हणजे पुढे फाइल कुठेही गेली तरी नोंद तिच्यासोबत राहते. पाच मिनिटांच्या सांगण्याचे साधारण पाचशे ते सहाशे शब्द होतात, म्हणजे बरोबर दुसरी पातळी. बारा पानांत विभागलं तर पानाला चाळीस-पन्नास शब्द येतात. त्याहून जास्त झाले तर चित्राला जागा उरत नाही. पहिल्या पातळीसाठी पानाला वीस शब्द ही मर्यादा धरावी.

टंकलेखन युनिकोडमध्येच करावं. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप करून आणलेला मजकूर इथे चिकटवला की अक्षरांचा कचरा होतो, आणि मग सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. कोरकू किंवा पावरी देवनागरीत लिहिताना एकाच शब्दाचं तीन पानांवर तीन प्रकारचं लेखन होतं, हीही नेहमीची चूक. आधी पंधरा-वीस नेहमीच्या शब्दांची यादी करून भिंतीवर लावावी.

चित्रं मुलांकडून काढून घ्यावीत. पांढऱ्या जाड कागदावर, आडव्या पानात, गडद रेषेने. स्कॅनर असेल तर तीनशे डीपीआय. नसेल तर सकाळी सावलीत, फ्लॅशशिवाय, कागद भिंतीला टेकवून सरळ समोरून फोटो घ्यावा. टेबलावर ठेवून वरून घेतला तर हमखास स्वतःची सावली पडते. चित्रंही त्याच परवान्याखाली जातात, म्हणून मुलांच्या पालकांची लेखी संमती वेगळी घ्यावी, आणि श्रेयात मुलाचं पूर्ण नाव द्यायचं की फक्त शाळेचं, हे पालकांनी ठरवावं.

सगळ्यात उपयोगी पडणारी युक्ती क्रमाची आहे. पुस्तक आधी कोरकूत किंवा पावरीत, मूळ म्हणून प्रसिद्ध करावं आणि मराठी पुस्तक त्याचा अनुवाद म्हणून करावं. मग मराठी पुस्तकाच्या शेवटी मूळ पुस्तकाचं नाव कायम दिसतं. उलट केलं तर मराठी मूळ आणि आदिवासी भाषा अनुवाद ठरते, आणि जगभर तशीच नोंद फिरते. भाषांच्या यादीत आपली भाषा नसेल तर स्टोरीवीव्हरच्या चमूला लिहून ती वाढवून घ्यावी लागते. वेळ जातो, पण त्या घाईपायी 'मराठी' निवडून मोकळं होऊ नये. सांगणाऱ्याचं नाव लेखक म्हणून घालावं. लिहून घेणाऱ्या शिक्षकाचं नाव टिपेत पुरे.

आता छपाई. कमी रिझोल्यूशनची हलकी पीडीएफ मोबाइलवर ठीक दिसते, पण कागदावर अक्षरं भुरकट येतात. छापताना जास्त रिझोल्यूशनची जड फाइलच घ्यावी. नेट नसलेल्या शाळेने तालुक्याला गेल्यावर फाइली पेनड्राइव्हवर आणाव्यात. गडद रंगांची चित्रं झेरॉक्सला देऊ नयेत, काळा डाग उरतो. रेषाचित्रांची पुस्तकं निवडली तर झेरॉक्सही स्वच्छ येते. आडव्या ए-फोर कागदावर एका बाजूला दोन पानं घेतली आणि दोन्ही बाजूंनी छापली, तर मुखपृष्ठ आणि शेवटची पानं धरून सोळा पानांचं पुस्तक चार कागदांत बसतं. पहिली प्रत सांगणाऱ्याच्या घरी द्यावी, आणि ती वाचून दाखवून चुका विचाराव्यात. चूक निघाली तर संकेतस्थळावरची आवृत्तीही लगेच दुरुस्त करावी, कारण लोक पुस्तक उतरवून घेऊन मोकळे होतात आणि दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

प्रथम बुक्सकडे एक मागणी रास्त ठरेल: लोककथेचं पुस्तक चढवताना सांगणारी व्यक्ती, समाज, गाव आणि संमती या चार बाबींचे सक्तीचे रकाने घालावेत. तोवर मुंबई-पुण्याच्या शाळांनी, जिथे आदिवासी समाजातलं माणूस विचारायला सहज सापडत नाही, इथून लोककथा उचलण्याऐवजी आदिवासी लेखक आणि चित्रकारांची आजच्या आयुष्यावरची पुस्तकं घ्यावीत. आश्रमशाळांनी वर्षाला दोनच गोष्टी घ्याव्यात, एक कापणीनंतर आणि एक होळीच्या आधी, आणि त्या पूर्ण कराव्यात. पातळ्या, परवाना आणि अनुवादाची सोय यांमुळे साधन पाचात चार गुणांचं. गोष्टींच्या मूळ नोंदीबद्दल पाचात दोन.